पिवळ्याच्या नावानं शिमगा

"पिवळा? कशाला नसतं झेंगट मागं लावून घेतोस?"

हे वाक्य मी आजवर शंभरदा ऐकलं असेल. पण गेल्या महिन्यात ज्याला ते ऐकवलं गेलं, तो चौदा वर्षांचा होता. आमच्या रविवारच्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता, वाढदिवसाला मिळालेलं पाच स्पेस मरीन्सचं खोकं छातीशी धरून. वॉरहॅमरमधल्या इंपीरियल फिस्ट्स या फौजेचं पिवळंधमक चिलखत त्याच्या मनात भरलं होतं. का भरलं, हे विचारायची तसदी न घेता चार जाणत्यांनी त्याला घेरलं. एक म्हणाला, पिवळा बसतच नाही. दुसरा म्हणाला, बसला तरी चट्टे पडतात. तिसऱ्यानं मोबाइलवर स्वतःच्या फसलेल्या पिवळ्या शिपायाचा फोटो दाखवला, व्यसनमुक्तीच्या व्याख्यानात खराब फुप्फुसाचा दाखवतात तसा. चौथ्यानं निकाल दिला, "निळा घे रे. निळ्यात सगळं खपून जातं."

पोरगं "बरं काका" म्हणालं. तीन आठवड्यांनी दोन निळे शिपाई घेऊन आलं. बाकीचे तीन खोक्यातच होते. विचारलं तर म्हणालं, "कंटाळा आला."

त्याच्या कंटाळ्याबद्दल माझी तक्रार नाही. नावडता रंग अंगावर घेऊन कोण किती लढणार? माझी तक्रार त्या "खपून जातं"बद्दल आहे.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्लास्टिकची, पेरभर उंचीची माणसं सुटी येतात. ती चिकटवायची, रंगवायची आणि टेबलावर मांडून फाशांच्या जोरावर लढवायची. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपनं 'वॉरहॅमर ४०,०००' १९८७ साली बाजारात आणला. पुणेकराला यात परकं वाटावं असं काही नाही. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला करायचा, त्यावर अळीव पेरायचे आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजावर उभे करायचे, हा उद्योग आपण पिढ्यान् पिढ्या करत आलोय. त्या मावळ्यांत पिवळ्या अंगरख्याचा एखादा असायचाच. त्याला रंगवणाऱ्यानं "पिवळा बसत नाही" म्हणून ब्रश खाली ठेवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तर आता आरोपपत्र नीट मांडू. आरोपीवर अन्याय नको आणि फिर्यादींवरही नको. पिवळ्यावर पाच कलमं लावलेली आहेत. एक, तो झाकत नाही, खालचं सगळं दिसतं. दोन, त्याला सावली देता येत नाही, दिली की तो मळतो. तीन, एअरब्रश आणि कंप्रेसर असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. चार, पिवळं चिलखत खेळण्यासारखं दिसतं, युद्धाला शोभत नाही. आणि पाच, वरच्या चारांचा अर्क: नवशिक्यानं तर त्याला हातही लावू नये. ही कलमं इतक्या वेळा, इतक्या खात्रीनं म्हटली जातात की आता ती तपासून पाहायची असतात हेच लोक विसरले आहेत.

पहिलं कलम घेऊ. पिवळा झाकत नाही.

आपल्या भाषेत 'हरताळ फासणे' असा वाक्प्रचार आहे. अमक्यानं तत्त्वांना हरताळ फासला, असं आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. हा हरताळ म्हणजे दुकानं बंद ठेवायचा हरताळ नव्हे. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंजर्द खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप द्यायचा, चूक गडप व्हायची आणि वर नवं अक्षर लिहिलं जायचं. १९१७ साली स्थापन झालेल्या आपल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत हजारो हस्तलिखितं आहेत. अशा जुन्या पोथ्यांच्या पानांवर ही पिवळी ठिगळं आजही दिसतात. म्हणजे काळ्या शाईचं अक्षर झाकायला आपले पूर्वज पिवळा रंग वापरत होते, आणि तो इतका चोख झाकायचा की 'नाहीसं करणे' याला भाषेनं त्याचंच नाव दिलं. ज्या भाषेत पिवळा फासणं म्हणजे पुसून टाकणं, त्याच भाषेत आमचे मित्र छातीठोकपणे सांगतात की पिवळा झाकत नाही!

मग त्यांच्या बाटलीतला पिवळा का झाकत नाही? कारण आहे, पण ते शोधायला शिव्या द्यायचं थांबवावं लागतं. काळा रंग त्याच्यावर पडलेला जवळजवळ सगळा उजेड गिळतो, म्हणून एका हातात खालचं सारं नाहीसं होतं. पिवळा फक्त निळसर उजेड गिळतो, बाकीचा त्याला परत पाठवावा लागतो. रंगाच्या कणांत ती परतवायची ताकद कमी असली की उजेड थरातून आरपार जातो. खाली पांढरं असेल तर ते तो परत पाठवतं आणि पिवळा झळाळतो. खाली काळं असेल तर ते तो गिळून बसतं, आणि वर उरतो आजारी, हिरवट डाग. हरताळात आर्सेनिक, क्रोम यलोमध्ये शिसं, कॅडमियम यलोमध्ये कॅडमियम. भक्कम झाकणाऱ्या पिवळ्यांत विष बरंच. भारतात घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. आज बाटलीतला लखलखीत पिवळा बहुधा सेंद्रिय रंगकणांचा असतो. तो अंगानं पातळ आहे, पण आपल्या जिवावर उठत नाही. त्याबद्दल त्याचे आभार मानायचे की त्याच्या नावानं शिमगा करायचा?

शिवाय एक जुना, भक्कम आणि बिनविषारी पिवळा आपल्या भिंतींवरच आहे. पिवडी. लोहयुक्त माती. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात ती 'यलो ऑकर' या नावानं ट्यूबमध्ये मिळते. अंगानं दाट आणि झाकायला पक्की. रंगाच्या कंपन्यांनाही या अडचणीची कल्पना होतीच. गेम्स वर्कशॉपनं २००७ साली खास झाकण्यासाठी दाट रंगांची मालिका काढली, तिच्यात इयांडेन डार्कसन नावाचा असाच मातकट पिवळा होता. पुढं त्याच कामाला अ‍ॅव्हरलँड सनसेट आला. म्हणजे उपाय बाजारात येऊन वर्षं लोटली, गाऱ्हाणं मात्र जिथल्या तिथं आहे.

खरी गंमत पुढं आहे. हे मित्र शिपायाला आधी काळं अस्तर मारतात. का? तर काळं अस्तर सोयीचं असतं. खाचेत ब्रश पोचला नाही तरी तिथं आपोआप सावली दिसते, राहून गेलेली जागा दिसत नाही. मग त्या कोळशावर पाण्यासारखा पिवळा ओतायचा आणि तो दिसला नाही की पिवळ्याला दोष द्यायचा. काळ्या पाटीवर पिवळं स्केचपेन चालवून ते उमटत नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्यातला हा प्रकार. त्यांचं भांडण पिवळ्याशी आहे असं त्यांना वाटतं. खरं म्हणजे ते खालच्या काळ्याशी असायला हवं होतं.

दुसरं कलम, सावली. पिवळ्याला सावली देता येत नाही, दिली की मळतो.

अर्थात मळतो. सावली म्हणजे काळा, असं गृहीत धरून पिवळ्यात काळा कालवला की शेवाळ तयार होतं. चौथीतलं मूल रंगपेटी हाताळताना हे शिकतं. पण शिकण्यासारखं आणखी काही असेल, तर ते मंडईत मिळतं. दसऱ्याला आणलेलं झेंडूचं एक फूल हातात घ्या आणि उजेडात धरा. पाकळीची कड लिंबासारखी. जरा आत, जिथं पाकळीवर पाकळी चढते, तिथं ती आंब्याच्या रसासारखी. घडीच्या तळाशी नारिंगी, आणि अगदी देठाजवळ तपकिरी तांबूस. या सगळ्यात काळा कुठं आहे? पिवळा काळोखात शिरताना नारिंगी होतो, मग विटकरी होतो, मग तपकिरी होतो. तो गडद होताना वाट बदलतो. निळा तसा नसतो. निळ्याला काळोखात ढकललं तरी तो निळाच राहतो, म्हणून निळ्यावर काळ्याची जबरदस्ती चालते. पिवळ्यावर ती चालत नाही, हा पिवळ्याचा दोष कसा? डोळे उघडे ठेवून सावली पाहायची सवय नसणाऱ्याची ती अडचण आहे, आणि तिच्यावरचा उपाय दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईबाहेर ढिगानं विकायला असतो.

तिसरं कलम, एअरब्रश. यंत्राशिवाय पिवळा गुळगुळीत होतच नाही म्हणे.

पेणला किंवा पुण्यातल्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात आषाढात जाऊन उभं राहावं. शाडूच्या करड्या मूर्तीला आधी पांढरा हात मिळतो. तो वाळल्यावर अंगाचा रंग, मग पितांबर. पितांबर या शब्दाचा अर्थच पिवळं वस्त्र! दरसाल अशा किती मूर्तींना पिवळं नेसवलं जातं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. रंगवणारा निऱ्यांच्या घडीत नारिंगी सोडतो, घडीच्या माथ्यावर फिका पिवळा ठेवतो, मग काठ ओढतो आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. हल्ली मोठ्या कारखान्यांत स्प्रे गन आहे, हे कबूल. पण गन यायच्या आधीही पितांबर पिवळाच होता. तेव्हाच्या कारागिरांनी मूर्तिकार संघाची सभा घेऊन "पिवळा कठीण, यंदा गणपतीला निळं नेसवू" असा ठराव केला होता काय?

माझ्याकडे एअरब्रश नाही. घेणारही नाही. पुण्यात जुलैत स्प्रेचा डबा मारला की हवेतल्या ओलीनं अस्तर दाणेदार होऊन बसतं, एप्रिलमध्ये रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो. म्हणून मी डब्याच्या झाकणात ओला स्पंज ठेवतो, त्यावर बटर पेपर अंथरतो आणि त्यावर रंग काढतो. दोन तास ओला राहतो.

मग एक शिपाई घेतो. त्याच्या खांद्यावरची वाटी मोठ्या हरभऱ्याएवढी असते. फिक्या करड्या अस्तरावर पहिला हात पिवडीत पांढरा मिसळून, दुधाइतका पातळ. तो वाळल्यावर दिसतो भयंकर, सरबत सांडल्यासारखा. बहुतेक लोक इथंच हाय खातात आणि दाट रंगाचा गोळा थापतात, तोच पुढं चट्टा होतो. मी दुसरा हातही तसाच पातळ देतो, आणि वाटी अचानक एकसारखी होते. मग उजळ पिवळ्याचे दोन हात, दर वेळी ब्रश एकाच दिशेनं, वाटीच्या खालच्या कडेकडे. आधीचा हात पुरता वाळेपर्यंत पुढचा नाही. त्या वेळात दुसऱ्या शिपायाची वाटी होते. मग नारिंगी तपकिरी पाणी शून्य नंबरच्या ब्रशनं फक्त खाचेत सोडायचं, सगळीकडे फासायचं नाही. शेवटी वरच्या कडेवर पिवळ्यात पांढरा घालून केसाएवढी रेघ. यात कुठलं यंत्र लागलं? लागला तो एक रविवार, आणि एफएमवर जुनी गाणी.

चौथं कलम मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते मांडताना माणसं एकदम लष्करी तज्ज्ञ होतात. "पिवळं चिलखत घालून कोण लढतं? शत्रूला लांबूनच दिसेल!"

ही फौज चाळिसाव्या सहस्रकानंतरच्या अंतराळात राक्षसांशी लढते, तिच्या हातात दातेरी साखळ्यांच्या तलवारी आहेत, आणि यांना खटकतो तो रंग. वास्तववाद नेमका पिवळ्याशी येऊनच जागा होतो! बरं, लपूनछपून लढणं म्हणजेच लढणं असेल, तर मराठ्यांच्या सैन्यापुढं सोन्यासारखा झळकणारा जरीपटका कशाला डौलानं चालायचा? निशाण दिसावं म्हणूनच असतं. टेबलावरची फौजही निशाणच आहे. सहा फुटी टेबलाच्या पलीकडून पेरभर उंचीचे काळे, करडे, गडद हिरवे शिपाई एकाच चिखलातले वाटतात. पिवळे मात्र ओळीनं उभे दिसतात. स्कूलबस पिवळी का असते, हे पोरांना कळतं. मग सेनापतींनाच काय झालं?

आणि पिवळा खेळण्यासारखा दिसतो म्हणणाऱ्यांनी पुण्यातल्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहावं. कुठला ते मी सुचवत नाही, सगळेच खोदलेले आहेत. तिथं जेसीबी असतो. याच कंपनीची यंत्रं इथल्याच तळेगावच्या कारखान्यातही तयार होतात. त्या जेसीबीच्या पिवळ्या अंगाकडे पाच मिनिटं बघा. तसंही आपण पुणेकर खोदकाम बघत उभे राहतोच, जरा कामाचं बघू. हाताच्या सांध्याशी रंग उडून खालचं काळपट लोखंड उघडं पडलंय. त्या टवक्याच्या कडेला गंजाची तांबूस रेघ खाली ओघळलीय. बादलीच्या तोंडावर रंग शिल्लकच नाही, नुसतं घासून पांढरं झालेलं पोलाद आहे. चाकाजवळ मुरमाची लाल धूळ, आणि दरवाजाच्या कडीभोवती हातांचा तेलकट काळपटपणा. यात खेळण्यासारखं काय आहे? हा रगडलेला, वापरलेला, दमलेला पिवळा आहे. रणगाड्याच्या हिरव्यावर टवका उडाला तर जवळ जाऊन शोधावा लागतो. पिवळ्यावर तो लांबून ओरडून सांगतो की इथं घाव बसलाय. युद्धाच्या खुणा दाखवायच्या असतील, तर याच्याइतका बोलका रंग दुसरा नाही. फाटक्या स्पंजाच्या तुकड्यानं गडद तपकिरी ठिपके कडेवर टेकवा आणि प्रत्येक ठिपक्याखाली फिक्या पिवळ्याची एक रेघ ओढा. हरभऱ्याएवढ्या वाटीवर जेसीबी उभा राहतो.

आता पाचवं कलम. सगळ्यात निरुपद्रवी वाटणारं आणि म्हणून सगळ्यात वाईट. नवशिक्यानं सोपा रंग घ्यावा.

सोपा म्हणजे कसला? ज्यात चूक दिसत नाही तो. म्हणजे पोरानं चुका कराव्यात, पण त्या त्याला दिसू नयेत, ही आमची शिकवणी! दाट रंग थापला तरी निळ्यात खपलं, अस्तर उडालेलं असलं तरी काळ्यात खपलं, खाचा राहिल्या तरी सावली म्हणून खपलं. अशी पाच वर्षं खपवत आलेला माणूस एके दिवशी हौसेनं पिवळा उघडतो, आणि पाच वर्षांत जे शिकायचं राहिलं ते सगळं एका खांद्याच्या वाटीवर त्याला दिसतं. मग तो मोबाइलवर फोटो काढून ठेवतो आणि पोरांना घाबरवतो. संगीतात कुणी असं सांगतं का, की तुझा सूर लागत नाही ना, मग तंबोरा बंद कर आणि ढोल वाजव? पिवळ्यानं सुरुवात केली असती तर पहिल्याच शिपायावर तो पोरगा शिकला असता की रंग पातळ करायचा, थांबायचं, आणि पुन्हा द्यायचा. या तिन्ही गोष्टी निळ्यालाही लागतात. निळा त्या मागत नाही, एवढंच.

एक गोष्ट मान्य करतो, आणि एकच. निळ्याला दोन हात पुरतात तिथं पिवळ्याला चार लागतात. दहा शिपायांच्या तुकडीला एक रविवार जास्त जाईल. ज्याला पुढच्या शनिवारच्या स्पर्धेत फौज उतरवायची आहे त्यानं खुशाल निळा, काळा, वाटेल तो घ्यावा. कुणी २०१९ पासून आलेले कॉन्ट्रास्ट रंग पांढऱ्या अस्तरावर एका हातात सोडून मोकळा होईल, त्यालाही माझी ना नाही. पण "मला वेळ नाही" हे सरळ वाक्य आहे, ते तसंच म्हणावं. "पिवळा वाईट आहे" अशी त्याची पोथी करू नये.

इंपीरियल फिस्ट्सची खूण मिटलेली काळी मूठ आहे. ती पाहिली की मला आपली म्हण आठवते, झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या टेबलावर अशा बऱ्याच मुठी आहेत. काळ्या अस्तरावर वर्षानुवर्षं झाकलेल्या, सव्वा लाखाच्या. पिवळा ती मूठ उघडायला लावतो, आणि मग आत किती निघालं ते सगळ्यांना दिसतं. त्या रंगाचा एवढा राग का येतो, हे यापलीकडे मला तरी समजलेलं नाही.

म्हणून त्या पोराला, आणि खोक्यात राहिलेल्या त्याच्या तीन शिपायांना उद्देशून, चारचौघांत सांगतो. बाळा, ते तीन पिवळे कर. फिकं अस्तर मार, पिवडीत पांढरा कालव, दुधासारखा पातळ कर. पहिल्या हातानंतर ते भयानक दिसतील. तेवढ्यात चार काका तुझ्याभोवती जमतील आणि "सांगितलं होतं ना!" म्हणतील. त्यांना शांतपणे सांग, "काका, अजून तीन हात बाकी आहेत."